आंब्याचं झाड: लावणीपासून काढणीपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंब्याबद्दल कुणी काही विचारलं की मी आधी उलट एक प्रश्न विचारतो: फांदीचा शेंडा सध्या कसा आहे? कोवळी तांबूस पालवी लोंबतेय, की पानं गर्द हिरवी होऊन शेंडा गप्प बसलाय, की टोकाचा डोळा फुगायला लागलाय? पाणी कधी, खत कधी, छाटणी कधी, फवारणी कधी, हे सगळं त्यावर ठरतं. खालच्या बऱ्याच उत्तरांत हा शेंडा पुन्हा पुन्हा येईल.

कोय लावू की कलम आणू?

फळासाठी झाड हवं असेल तर कलम. कोयीपासून वाढलेल्या झाडाला आईसारखंच फळ येईल याची हमी नसते. मोहरावर कोणत्या झाडाचा पराग आला हे आपल्याला ठाऊक नसतं, त्यामुळे गोड आंब्याच्या कोयीतून आंबट, दोरेदार फळ निघू शकतं. शिवाय वाट बघावी लागते: कोयीच्या झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षं सहज जातात, कलमाला चार-पाच.

पण सावलीसाठी, बांधावर किंवा मोकळ्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या उभं राहणारं झाड हवं असेल तर कोय जरूर लावा. जागेवरच रुजलेल्या कोयीचं सोटमूळ सरळ खोल जातं. असं झाड वाऱ्याला आणि दुष्काळाला जितकं तोंड देतं तितकं पिशवीत वाढलेलं कलम क्वचितच देतं.

खाल्लेल्या आंब्याची कोय कशी रुजवायची?

ताजी असतानाच. आंब्याचं बी धान्यासारखं वाळवून ठेवता येत नाही. ते सुकलं की मरतं, आणि महिनाभर तसंच पडलेल्या कोयीकडून फारशी आशा ठेवू नये. गर धुऊन काढा, एक-दोन दिवस सावलीत वरवर कोरडी होऊ द्या. मग कात्रीने कडेचं कठीण कवच अलगद उघडून आतलं बी बाहेर काढा. कवच काढलं की ते लवकर रुजतं, आणि आत कीड किंवा कुज आहे का तेही कळतं. बाकदार बाजू वर ठेवून दोन-तीन सेंटीमीटर खोल पुरा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो.

एका कोयीतून तीन रोपं आली. असं कसं?

काही जातींच्या बियांत एकापेक्षा जास्त गर्भ असतात. त्यातली बहुतेक रोपं परागाशिवाय, आईच्याच पेशींपासून तयार झालेली असतात, म्हणजे ती हुबेहूब आईसारखी निघतात. फिलिपिन्समधली काराबाओ, थायलंडमधली नाम डोक माई या जाती अशाच आहेत. हापूस, दशहरी, केशर या मात्र एकगर्भी. म्हणून त्यांची खात्रीची लागवड कलमानेच होते.

कलम घरी बांधता येतं का?

येतं. सगळ्यात सोपं कोय कलम. कोय रुजून दोन आठवडे झालेलं, अजून तांबूस खोडाचं रोप घ्यायचं, हा झाला खुंट. जमिनीपासून सात-आठ सेंटीमीटरवर तो आडवा कापायचा आणि मधोमध चार सेंटीमीटर खोल उभा काप द्यायचा. आता कलमकाडी. हव्या त्या झाडाची तीन-चार महिन्यांची, खुंटाइतक्याच जाडीची, टोकाचा डोळा टपोरा झालेली काडी निवडायची. इथेही शेंडाच बघायचा: डोळा फुगलेला हवा, पण फुटलेला नको. आठवडाभर आधी काडीची पानं देठ ठेवून कापली तर डोळ्यात जोर येतो.

काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची. सुरी धारदार असू द्या आणि एकाच ओढीत काप घ्या. कुरतडलेल्या कापावर जोड बसत नाही. पाचर खुंटाच्या चिरेत बसवताना निदान एका बाजूची साल सालीला टेकली पाहिजे, सगळं यश त्यावर आहे. प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळा, सावलीत ठेवा. हवेत दमटपणा असेल तेव्हाच करा, म्हणजे पावसाळ्यात. तीन आठवड्यांत काडीचा डोळा हलला की जमलं.

रोपवाटिकेतून कलम घेताना काय पाहायचं?

उंची पाहू नका, जोड पाहा. खुंट आणि काडी यांची जाडी सारखी, जोड गुळगुळीत, कुठेही भेग नाही. खालच्या खुंटातून फुटवे आलेले नकोत. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलं असेल किंवा मूळ आत गोल गोल फिरलं असेल तर ते कलम सोडून द्या. पाच फुटी कलमापेक्षा दोन-अडीच फुटी, ताज्या पालवीचं कलम लवकर रुळतं.

जात कोणती निवडू?

हवामान आणि जागा पाहून. जागा कमी असेल तर आम्रपाली. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेली ही ठेंगणी जात दरवर्षी फळते. त्याच दोन जातींचा उलट बाजूने, म्हणजे नर-मादी अदलून, संकर करून मल्लिका झाली, तिचं फळ मोठं. हापूसची चव हवी पण साका (फळाच्या आत होणारा पांढरट, स्पंजासारखा गर) नको, अशांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम आणि हापूस यांच्यापासून रत्ना काढली. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून पातळ कोयीची सिंधू आली. दमट, गरम किनाऱ्यावर रंगणारी जात कोरड्या थंडीच्या भागात तशीच रंगत नाही. म्हणून आसपास कोणती जात नेमाने फळते हे विचारून घेणं सगळ्यात उपयोगाचं.

जमीन, खड्डा आणि अंतर?

आंबा मुरमाड, तांबड्या, गाळाच्या, अशा कोणत्याही जमिनीत येतो, फक्त पाणी साचता कामा नये. सामू (pH) साडेपाच ते साडेसात चांगला. चोपण (पाणी न मुरणारी, चिकट क्षारयुक्त) आणि खारी जमीन टाळा.

खड्डा एक मीटर लांब, रुंद, खोल. उन्हाळ्यात खणून तापू द्या. भरताना वरची माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट. खड्ड्यातली माती पुढे खचते, म्हणून जमिनीपेक्षा थोडी उंच भरा. मोठ्या जातींना दहा बाय दहा मीटर, म्हणजे हेक्टरी १०० झाडं. पाच बाय पाचवर ४०० बसतात, पण मग दरवर्षी न चुकता छाटणी करण्याची तयारी हवी. भिंतीपासून निदान पाच-सहा मीटर लांब.

कलम लावताना लोक सर्वांत जास्त कुठे चुकतात?

तीन ठिकाणी. एक, जोड मातीत पुरला जातो. तो जमिनीच्या वर वीतभर तरी राहिला पाहिजे. दोन, खुंटातून येणारे फुटवे राहून जातात. जोडाखालून आलेला प्रत्येक फुटवा हा खुंटाचा, आणि तो जोमदार असतो. वर्षभरात तो काडीला मागे टाकतो आणि आपण हौसेने हापूस म्हणून रायवळ वाढवत बसतो. दिसला की बोटाने मोडा.

तिसरी चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या कलमाची प्लास्टिकची पट्टी मी काढली नव्हती. झाड छान वाढत होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जोडाच्या वर खोडाला फुगवटा दिसायला लागला, तो मी बाळसं समजलो. एका वादळी संध्याकाळी झाड बरोबर जोडावर मोडलं. तुटलेल्या तोंडाशी पट्टीची कड लाकडात पार रुतलेली होती, आणि तिच्या आतलं खोड करंगळीएवढंच राहिलं होतं. तेव्हापासून लावणीनंतर नवी पालवी एकदा पिकली की मी ब्लेडने पट्टी उभी चिरून काढतो, मग दुसरं काम.

पाणी किती द्यायचं?

लहान कलमाला पहिली दोन-तीन वर्षं पाण्याचा ताण पडू देऊ नका. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी, जमीन हलकी असेल तर एक दिवसाआड. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण खोडाला चिकटवू नका.

फळत्या झाडाचा हिशेब वेगळा. पाऊस संपून शेंड्यावरची शेवटची पालवी गर्द हिरवी झाली की पाणी बंद. मोहरापूर्वीचे दोन-तीन महिने झाडाला कोरडी विश्रांती हवी. पानं थोडी मलूल दिसली की हात पाइपकडे जातोच, पण याच काळात पाणी दिलं तर शेंड्यातून मोहराऐवजी पालवी फुटते. बागेतल्या हिरवळीला रोज पाणी मिळत असेल आणि आंबा तिच्या मधोमध उभा असेल, तर तो मोहरत का नाही याचं उत्तर बहुधा तिथेच आहे. कैरी वाटाण्याएवढी झाली की पाणी पुन्हा सुरू, आणि काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी पुन्हा बंद.

खत कधी आणि कुठे?

फळं उतरवली की पावसाच्या सुरुवातीला. झाड त्या वेळी दमलेलं असतं आणि पुढच्या वर्षीच्या मोहराच्या काड्या त्या पालवीतूनच घडतात. पहिल्या वर्षी १५० ग्रॅम नत्र (नायट्रोजन) म्हणजे साधारण ३२५ ग्रॅम युरिया, कारण युरियात ४६ टक्केच नत्र असतं. नत्राचे आकडे युरियाचे समजून मोजल्याने खूप गोंधळ होतो. दरवर्षी तेवढीच वाढ करत दहाव्या वर्षी दीड किलो नत्रावर थांबायचं, जोडीला स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि भरपूर शेणखत.

खत बुंध्याशी टाकू नका. भर दुपारी फांद्यांची सावली जिथे संपते तिथे, कडेच्या थोडं आत, उथळ गोल चर काढून द्या. खाणारी मुळं तिथे असतात. मोहराच्या तोंडावर युरिया अजिबात नको.

लावल्या वर्षीच मोहर आला. ठेवू का?

काढून टाका. काडी जुन्या झाडाची असल्याने तिला मोहरायचं वय झालेलंच असतं, मुळांना मात्र अजून जमिनीचा पत्ता नसतो. पहिली तीन वर्षं मोहर खुडा. पाच कैऱ्यांच्या मोहापायी झाड दोन वर्षं खुरटतं.

नवी पानं लाल आणि मलूल का? रोग आहे का?

नाही. कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी आणि लाल रंगद्रव्य जास्त असतं. पान तांबूस, मग पोपटी, मग हिरवं होत जातं. ती लोंबतात कारण अजून त्यांच्यात कडकपणा आलेला नसतो. त्यांच्यावर घाईने औषध मारू नका. फक्त कोवळा शेंडा सुकून वाकलेला दिसला तर चिरून बघा, आत शेंडा पोखरणारी अळी सापडेल. तेवढा भाग कापून नष्ट करा.

जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या का होतात?

बहुतेकदा पाण्यातल्या क्षारांमुळे. खाऱ्या पाण्याला आंबा फार नाजूक. शक्य असेल तर पाणी बदला, नाहीतर अधूनमधून भरपूर गोडं पाणी देऊन क्षार खाली धुऊन काढा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत नेहमीची.

छाटणी करायची की झाडाला हात लावायचा नाही?

लहानपणी आकार दिला तर म्हातारपणी कुऱ्हाड लागत नाही. मुख्य खोड ६०–७० सेंटीमीटरवर शेंडा खुडून थांबवा. फुटणाऱ्या फांद्यांतून चार दिशांना जाणाऱ्या तीन-चार ठेवा, बाकीच्या काढा. एकाच बिंदूतून निघालेल्या दोन जाड फांद्या पुढे फाटतात, त्यांतली एक आताच जाऊ द्या.

फळत्या झाडाची छाटणी काढणी झाल्याबरोबर: वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, आत वळलेल्या फांद्या. मोहर येतो तो पिकलेल्या, म्हणजे जून झालेल्या काडीच्या टोकाला. उशिरा छाटलं तर नवी काडी पिकायला वेळ मिळत नाही आणि त्या वर्षीचं फळ गेलंच. मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत कालवून मग एकत्र करा. तयार झाल्यावर लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला.

झाड दहा वर्षांचं, हिरवंगार, पण मोहरच नाही?

जवळपास नेहमीच ते लाडावलेलं असतं: फार पाणी, फार नत्र, किंवा इमारतीची सावली. आंब्याला दिवसाचं सहा-सात तास थेट ऊन हवं. पाऊस संपल्यावर पाणी आणि नत्र तोडा. रात्रीचा गारवाही लागतो. थंडी पडलीच नाही, तर निरोगी झाडसुद्धा त्या वर्षी पालवीवरच थांबतं.

एक वर्ष भरपूर, एक वर्ष काहीच नाही. काय करू?

हा आंब्याचा स्वभाव. भरपूर फळलेल्या वर्षी झाडाची सगळी ताकद फळांत जाते, नवी पालवी उशिरा येते आणि मोहराच्या वेळी शेंडे कोवळेच राहतात. हापूस, लंगडा, दशहरी यांत हे ठळक. नीलम, तोतापुरी, आम्रपाली दरवर्षी फळतात. उपाय म्हणजे काढणीनंतर लगेच खत, वेळेवर छाटणी आणि भाराच्या वर्षी थोड्या कैऱ्या विरळ करणं.

बागायतदार पॅक्लोब्युट्राझोल वापरतात. मोहराच्या तीनेक महिने आधी, फांद्यांच्या पसाऱ्याच्या व्यासाच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक या हिशेबाने ते मुळांशी देतात. त्याने पालवी रोखली जाते आणि मोहर लवकर येतो. पण ते जमिनीत दीर्घकाळ राहतं, आणि अशक्त झाडाला दिलं तर झाड आखडतं. दारातल्या एखाद्या झाडाला मी ते देणार नाही, तुम्हीही देऊ नका.

मोहर येतो आणि काळा पडून गळतो.

मोहर हातात घेऊन जवळून बघा. दांड्यावर पिठासारखा पांढरा थर असेल तर भुरी. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी फवारा, कडक उन्हात नाही. काळे ठिपके पडून मोहर करपत असेल तर करपा. तो दव, धुकं आणि अवकाळी पावसात वाढतो.

फांदी हलवल्यावर बारीक राखाडी किडे तिरके उडाले, पानं चिकट आणि चकचकीत लागली, तर ते तुडतुडे. ते रस शोषतात, त्यांच्या गोड विष्ठेवर काळी बुरशी चढते. झाडाखाली उभं राहिलं की उडणाऱ्या तुडतुड्यांची बारीक तडतड ऐकू येते, एकदा ऐकली की विसरत नाही. त्यांना दाट, अंधारी झाडं आवडतात, म्हणून आतून मोकळं झाड हाच पहिला बंदोबस्त. फवारणी हवी असेल तर डोळा फुगताना, मोहर फुलण्याआधी. फुललेल्या मोहरावर कीटकनाशक मारू नका. आंब्याचं परागीकरण मुख्यतः माश्या, मधमाश्या आणि असेच बारीक कीटक करतात. तेच मेले तर कैरी धरणार कुठून?

कैऱ्या गळतात. किती गळणं ठीक?

बऱ्याच. एका मोहराच्या झुपक्यात शेकडो, कधी हजारो फुलं असतात, त्यातली बरीचशी नुसती नर. शंभरातलं एक फूलसुद्धा पिकलेल्या फळापर्यंत पोहोचत नाही. वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा सडा पडला तरी घाबरू नका. गोटीएवढ्या झाल्यावरही गळ थांबत नसेल तर पाण्याचा ताण, उष्ण वारा किंवा कीड शोधा. वाटाणा, गोटी आणि अंडं या तिन्ही अवस्थांत पोटॅशियम नायट्रेट लिटरला दहा ग्रॅम फवारल्याने गळ कमी होते.

खोडातून भुसा पडतोय.

खोडकिडा. लगेच बघा, यात दिरंगाई झाली तर पूर्ण फांदी, कधी झाडही जातं. छिद्र साफ करून तार घालून अळी ओढून काढा किंवा आतच मारा, मग औषधात भिजवलेला बोळा घालून तोंड चिखलाने लिंपा. बांडगुळ दिसलं तर नुसतं ओरबाडू नका, त्याची मुळं फांदीत शिरलेली असतात. फांदीसकट, थोडं मागून कापा, आणि त्याला फळं धरण्याआधीच.

पिकलेल्या फळात अळ्या निघतात.

फळमाशी सालीखाली अंडी घालते. वरून फळ निर्दोष दिसतं. मिथाइल युजेनॉल या गंधाचे सापळे माशीचे नर ओढून पकडतात, पडलेली फळं रोज गोळा करून खोल पुरायची. दारच्या झाडाला मात्र कागदी पिशवीइतकं उत्तम काही नाही. फळ अंड्याएवढं असताना घाला. डागही पडत नाहीत, रंगही एकसारखा येतो.

कुंडीत आंबा येतो?

येतो, ठेंगण्या जातीचं कलम, निदान दोन फूट रुंद-खोल पिंप आणि भरपूर ऊन असेल तर. दोन-तीन वर्षांनी मुळांची कडेची गुंडाळी छाटून माती बदला. फळं दहा-पंधरा धरा, जास्त नकोत.

काढणी कधी आणि कशी?

फळाचे खांदे देठाच्या वर येतात, देठापाशी खळगा पडतो, साल गडद रंग सोडून उजळते. शंका असेल तर पाण्यात टाका: तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. झेल्याने (लांब काठीला जाळी लावलेल्या अवजाराने) काढा, चार-पाच सेंटीमीटर देठ ठेवून. देठ तुटला तर चीक उडतो आणि साल भाजल्यासारखी काळी होते. तो चीक अंगावर घेऊ नका. आंबा हा बिब्बा आणि काजूच्या कुळातला, काहींना पुरळ उठतं.

पिकवायला पेंढ्याची आढी, एकावर एक दोन-तीनच थर, मधून हवा. आठ-दहा दिवसांत पिकतो. कार्बाइड वापरू नका, त्यात आर्सेनिकचे अंश असतात.

हापूसमध्ये वरून सुरेख फळ कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो, तो साका. फळ झाडावर पूर्ण पिकू दिलं, तापलेल्या जमिनीची झळ लागली, काढल्यावर उन्हात पडलं, की तो वाढतो. म्हणून थोडं आधी, सकाळच्या गारव्यात काढायचं, लगेच सावलीत आणायचं आणि झाडाखाली गवताचं आच्छादन ठेवायचं.

चाळीस वर्षांचं झाड फळत नाही. तोडू का?

आधी खोड ठोकून बघा. भरीव असेल तर तोडू नका. काढणीच्या हंगामानंतर एका वर्षी निम्म्या मोठ्या फांद्या जमिनीपासून तीन-चार मीटरवर कापा, पुढच्या वर्षी उरलेल्या. कापाला बोर्डो पेस्ट, खोडावर चुना, कारण अचानक उघडं पडलेलं खोड उन्हाने भाजतं. प्रत्येक कापाखाली फुटव्यांचा गुच्छ येईल. त्यातले बाहेर वळणारे तीन-चार ठेवा, बाकी काढा. खोडकिड्यावर या काळात रोज नजर. तिसऱ्या वर्षाच्या आसपास नव्या शेंड्यांवर मोहर दिसायला लागतो.